फँटसी सिनेमे पुन्हा पाहण्याचा उद्योग: उन्हाळी सुट्टीतल्या नोंदी

१९ एप्रिल, शनिवार

ताईची मुलगी सुट्टीला साताऱ्याला आली आहे. वय बारा. 'हॅरी पॉटर आणि परीस' तिने दोनदा वाचलंय, पण त्यावरचा सिनेमा मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनीच पाहिलाय. माझं उलटं. हे सिनेमे मी कॉलेजात असताना पाहिले, त्यांवरून मित्रांशी तावातावाने भांडलो आणि पुढची वीस वर्षं 'काय भारी होते' एवढ्यावर काढली. आता ते कसे वाटतात, आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्या पोरीला काही वाटतात का, हे बघायचं. कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर माझे पैसे आणि वेळ कुठे वाया गेले ते कळावं, म्हणून या नोंदी.

यादी: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिन्ही, हॅरी पॉटरचा पहिला आणि तिसरा, 'गोल्डन कम्पास', 'हॉबिट', आणि जुन्यातले 'विझर्ड ऑफ ऑझ', 'नेव्हरएंडिंग स्टोरी', 'प्रिन्सेस ब्राइड'. नियम एकच, ज्याचं पुस्तक घरात नाही तो सिनेमा नाही. त्यामुळे नार्निया बाद. 'नेव्हरएंडिंग स्टोरी' हे मिखाएल एन्डेचं पुस्तक इंग्रजी अनुवादात सेकंडहँड मिळालं, २८० रुपये.

डीव्हीडी प्लेअर माळ्यावरून काढला. त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना, नव्या ५५ इंची टीव्हीला त्या खोचायला जागाच नाही. कन्व्हर्टरची डबी ६५० रुपये. खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीसाठी जाड काळं कापड घ्या असं बायको म्हणाली होती. मी म्हटलं, नंतर बघू. (ते शेवटी घ्यावंच लागलं, १,१५० रुपये. आधीच घ्या.)

२० एप्रिल, रविवार

'विझर्ड ऑफ ऑझ', १९३९. ऑनलाइन भाडं १२० रुपये.

सुरुवातीलाच भाची म्हणाली, "मामा, टीव्हीचा रंग गेलाय." कॅन्ससचा भाग तपकिरी छटेत आहे, हे सांगावं लागलं. मग डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंगीत ऑझ दिसतं, तिथे ती ताठ बसली. ही करामत आजही पकडता येत नाही. घराचा आतला भागच तपकिरी रंगवला होता आणि दार उघडणारी मुलगी ही तपकिरी कपड्यांतली डमी होती. ती बाजूला सरकते आणि निळ्या झग्यातली डोरोथी, म्हणजे जूडी गारलंड, पुढे येते. वादळाचा भोवराही तसाच, ३५ फूट लांबीचा मलमलीचा पायमोजा फिरवलाय. ८६ वर्षांनंतर मलमल टिकली.

पुस्तकात बूट चांदीचे आहेत. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत उठून दिसावेत म्हणून सिनेमात ते लाल झाले. या बदलाबद्दल कुणाची तक्रार असेल असं वाटत नाही. तक्रार दुसऱ्या बदलाबद्दल आहे आणि ती भाचीने पुस्तक न वाचताच केली. शेवटी डोरोथी अंथरुणात जागी होते तेव्हा ही चिडली, "म्हणजे सगळं स्वप्नच? फसवलं!" मूळ लेखक बॉमच्या पुस्तकात ऑझ खरं आहे, इतकं खरं की पुढच्या एका भागात डोरोथीचे काका-काकूही तिथेच राहायला जातात.

गाण्यांच्या वेळी ती तीनदा पाणी प्यायला उठली. सहज वहीच्या कडेला तीन खुणा केल्या, आणि मोजमाप मिळालं. यापुढे ती पाणी मागेल, मोबाइल उचलेल किंवा "किती राहिला?" विचारेल तेव्हा एक खूण, आणि शेजारी प्रसंग. नाव: चुळबुळ. हे तिला सांगायचं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

'नेव्हरएंडिंग स्टोरी', १९८४. चुळबुळ ६, पण त्यातल्या चार माझ्यामुळे.

पहिली चूक म्हणजे आठवडाभर जागून आधी पुस्तक वाचलं. सगळं डोक्यात ताजं. त्यामुळे आर्टॅक्स घोडा पुस्तकात बोलतो, त्याचा मालक अट्रेयूची कातडी हिरवी असते, उडणारा ड्रॅगन फाल्कोर असा कुत्र्यासारखा नसतो, असं दर पाच मिनिटांनी थांबवून सांगत होतो. शेवटी ऐकून घ्यावं लागलं, "मामा, तू बोलणारच असशील तर मी आजीकडे जाऊन झोपते." नवा नियम: सिनेमा आधी, पुस्तक नंतर. उलट केलंत तर तुम्ही सिनेमा पाहत नाही, त्याची उत्तरपत्रिका तपासता.

दुसरी चूक टीव्हीची. 'झूम' चालू राहिलं होतं. वर-खाली काळ्या पट्ट्या नकोत म्हणून कुणीतरी कधीतरी लावलेलं. एवढ्या रुंद चित्राच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या आणि तेरा मीटर लांबीच्या यांत्रिक फाल्कोरचं शेपूट अर्धा सिनेमाभर दिसलंच नाही.

घोडा दलदलीत बुडतो तो प्रसंग मात्र तसाच लागतो. उलट सिनेमातला घोडा मुका आहे म्हणून जास्त लागतो. भाची हुंदके देत होती, मी भिंतीकडे बघत होतो. पण हा सिनेमा पुस्तकाच्या मध्यावर संपतो. पुस्तकाचा खरा डंख दुसऱ्या अर्ध्यात आहे, जिथे ही गोष्ट वाचता वाचता तिच्यात शिरलेल्या बॅस्टियनची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेगणिक त्याची एकेक आठवण जाते. सिनेमात त्याऐवजी तो फाल्कोरवर बसून शाळेतल्या दांडगट पोरांना पळवतो. मिखाएल एन्डेने या सिनेमाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि तो हरला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा लेखक हट्टी वाटला होता. आता त्याचं दुःख कळतं.

२७ एप्रिल, रविवार

'प्रिन्सेस ब्राइड', १९८७. चुळबुळ २. सेट नाटकातल्यासारखे, मोठा उंदीर म्हणजे कातड्यात शिरलेला माणूस हे उघड दिसतं, आणि कुणाला काही फरक पडत नाही. विल्यम गोल्डमनने आपल्याच कादंबरीची पटकथा लिहिली. कादंबरी म्हणजे एका जुन्या कंटाळवाण्या ग्रंथाची 'निवडक आवृत्ती' आहे अशी थाप तो पुस्तकात मारतो. ती थाप पडद्यावर चालणार नाही हे ओळखून त्याने आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा आणले. नातू मध्येच अडवतो तसं भाचीनेही अडवलं, तेही बरोबर त्याच जागी. तलवारबाजी दोघा नटांनी स्वतः शिकून केलेली आहे आणि कॅमेरा लांबून ती बघत राहतो. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. लावा आणि बघा.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग 'फेलोशिप ऑफ द रिंग', लांब आवृत्ती (थिएटरपेक्षा जास्त प्रसंगांची). पूर्ण दिवस वाया.

मावसभावाने लंडनहून आणलेला डीव्हीडी संच घातला. पडद्यावर 'चुकीचा रीजन'. डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी याचं कुलूप म्हणजे रीजन; तिकडच्या चकत्या रीजन २, आपला प्लेअर रीजन ५. रिमोटवर गुप्त आकडे दाबून कुलूप काढता येतं हे आठवत होतं, आकडे आठवत नव्हते. शोधून, वेगवेगळे सात दाबून पाहिल्यावर एक चालला. दोन तास गेले.

मग वेळेचा घोळ. सिनेमा २०८ मिनिटांचा, प्लेअर म्हणतो २००. काहीतरी कापलंय म्हणून प्रसंग मोजत बसलो. कापलेलं काही नव्हतं. युरोपातल्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळतात, म्हणून अख्खा सिनेमा चार टक्के घाईत असतो. आवाजही किंचित चढतो. जादूगार गॅन्डाल्फ मला थोडा पोरकट का वाटत होता ते कळलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पहिली चकती संपेपर्यंत मी मनातल्या मनात लिहून टाकलं होतं: सिनेमा शिळा झाला, सेट पुठ्ठ्याचे वाटतात, नट मेकअप लावून उभे आहेत. आई मागून म्हणाली, "हे तुमच्या सिरियलसारखंच दिसतंय की." तिने निदान केलं. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू होती. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवतो आणि मग कुठलाही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. दर कंपनी तिला वेगळं नाव देते, चित्राच्या 'प्रगत' सेटिंगमध्ये लपवते. ती बंद केली आणि पहिलीच पंधरा मिनिटं परत लावली. पुठ्ठा गेला, दगड आला.

म्हणजे याआधीच्या तीन सिनेमांवरची माझी काही मतंही टीव्हीची असू शकतात. ती खोडत नाही, पण हे ध्यानात ठेवा.

३ मे, शनिवार

मित्राने ब्लू-रे प्लेअर आणि लांब आवृत्तीचा ब्लू-रे संच दिला, फुकट. (परतफेड म्हणून आंब्याची पेटी, ९०० रुपये. फुकट काही नसतं.) चित्र अर्थातच डीव्हीडीच्या कितीतरी पुढचं. पण बर्फ हिरवट. ढग हिरवट. टीव्हीचा रंग, तापमान, छटा सगळं फिरवत दीड तास घालवला, तेव्हा कळलं की २०११ च्या या संचात पहिल्या भागावर हिरवी झाक आहेच, आणि त्या वेळी त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली होती. २०२० च्या फोर-के आवृत्तीत रंग नव्याने केले. टीव्ही परत पूर्ववत केला आणि हिरव्यासकट पाहिला. अर्ध्या तासाने डोळा सरावतो.

चुळबुळ ४. दोनशे मिनिटांच्या वर आणि फक्त चार! पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र नाही, ग्लॉरफिंडेलऐवजी त्याच्या घोड्यावर आर्वेन आहे, या गोष्टींवरून २००१ मध्ये मी रागाने लाल झालो होतो. आता बॉम्बाडिलची जागा शोधूनही सापडली नाही. अंगठी घेऊन पळायचं आणि मागे काळे स्वार, एवढा एकच दोर रिव्हेंडेल या आसऱ्याच्या जागेपर्यंत ताणून धरलाय. त्यात गाणी म्हणणारा बॉम्बाडिल आला असता तर दोर तिथेच सैल पडला असता. पुस्तकात तो शोभतो, कारण पुस्तकाला घाई नाही.

खाणीतल्या राक्षसाच्या खांद्यावर तिरंदाज लेगोलास चढतो तिथे तो रबरी बाहुला झालेला स्पष्ट दिसतो. भाचीची खूण तिथे नाही.

४ मे, रविवार

तिचा एकच प्रश्न: हॉबिट (गोष्टीतली बुटकी माणसं) एवढे लहान कसे दाखवले? उत्तर गच्चीवर करून दाखवायचं ठरलं. भाची गॅन्डाल्फ, हातात मुसळ. आई हॉबिट.

तत्त्व सोपं. लहान दिसायला हवा तो लांब बसवायचा आणि कॅमेऱ्याला वाटू द्यायचं की दोघं शेजारी आहेत. भाची मोबाइलपासून सहा फुटांवर, आई नऊ फुटांवर. आई दीडपट लांब, म्हणून तेवढ्याच प्रमाणात लहान. मध्ये दोन स्टुलं, जवळचं आखूड, लांबचं उंच, वरून एकच चादर, म्हणजे एक टेबल वाटेल.

पहिला प्रयत्न संध्याकाळी साडेसहाला, फसला. उजेड कमी, फोटोत मागची आई धूसर, आणि धूसर झालं की भांडं फुटलं. दुसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, लख्ख उन्हात. दोघी स्पष्ट. पण आई सारखी नातीकडे बघत होती, आणि फोटोत ती भलतीकडेच बघताना दिसत होती. तिला सांगितलं, नातीकडे नको, कपड्यांच्या दोरीवरच्या लाल चिमट्याकडे बघून बोल. बोलली. फोटोत ती बरोबर गॅन्डाल्फच्या डोळ्यांत बघत होती! नटांनी वर्षभर असंच हवेतल्या बिंदूकडे बघून काम केलंय.

एक गंमत. बाजूला उभं राहून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर काहीच फसवणूक होत नाही, आई लांब बसली आहे हे लगेच कळतं. मोबाइलच्या जागी डोकं नेऊन एक डोळा मिटला की आई हॉबिट होते. दुसरा उघडला की पुन्हा आई. भाचीने हे पन्नास वेळा केलं.

कॅमेरा हलवला की बिंग फुटतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या लोकांनी त्यावरही तोड काढली. बिल्बो या हॉबिटच्या घरातल्या टेबलाच्या प्रसंगात कॅमेरा सरकतो तसा सेटचा अर्धा भाग आणि त्यावरचा नटही सरकतो. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून दोरीने ओढायचा प्रस्ताव मांडला. तो नामंजूर झाला.

१० मे, शनिवार

'टू टॉवर्स', लांब आवृत्ती. चुळबुळ २१. या उद्योगातली सर्वात महाग चूक: पहिल्यांदा पाहणाऱ्याला लांब आवृत्ती दाखवली.

पहिल्या भागात वाढीव अर्धा तास मुरून जातो. इथे जवळपास पाऊण तासाची वाढ आहे आणि ती बहुतेक झाडांच्या सभेत आणि वाटेत जाते. एकवीसपैकी अकरा खुणा एंटांवर, म्हणजे या चालत्याबोलत्या झाडांवर. थिएटरची १७९ मिनिटांची आवृत्ती लावा. लांब आवृत्ती ही आधीच प्रेमात पडलेल्यांसाठी आहे.

गॉलम, अंगठीने झपाटलेला तो प्राणी. २००२ चा संगणक, आणि तो आजही खरा. हे नोंदवणं भाग आहे, कारण ऑझपासून मी एक सिद्धांत जोपासत होतो: खरी वस्तू टिकते, संगणकाची शिळी होते. गॉलमने तो मोडला. नट अँडी सर्किसने सगळा अभिनय प्रत्यक्ष केला, दोन नटांच्या अंगाला अंग लावून, आणि चित्रकारांनी त्यावरून काम केलं. गॉलम स्वतःशीच भांडतो तो प्रसंग पुस्तकात हॉबिट सॅम अर्धवट झोपेत ऐकतो. सिनेमात कॅमेरा नुसता इकडून तिकडे जातो आणि एका चेहऱ्याची दोन माणसं होतात. भाचीने श्वास रोखला होता.

त्याच सिनेमात ट्रीबिअर्ड या एंटाच्या खांद्यावरचे दोन हॉबिट कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसतात. पण तिथल्या अकरा खुणा त्या चिकटवण्याच्या नव्हेत. तिथे काही घडतच नव्हतं.

११ मे, रविवार

पुस्तकातली फॅरामिर या सरदाराची प्रकरणं वाचली. कॉलेजात याच्यावरून मी एका मित्राशी महिनाभर बोललो नव्हतो. पुस्तकातला फॅरामिर अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही म्हणतो. सिनेमातला अंगठी वाहणाऱ्या हॉबिटला, फ्रोडोला, पकडून ऑस्गिलियथ शहरात नेतो. आता कारण दिसतं. पुस्तकात दुसऱ्या भागाच्या शेवटी शेलॉब ही राक्षसी कोळीण येते. सिनेमाने ती तिसऱ्या भागात ढकलली, म्हणून इथे फ्रोडोच्या वाट्याला शेवटच उरला नाही. काहीतरी अडथळा हवा होता, तो फॅरामिर झाला. हे मान्य. पण फ्रोडो अंगठी थेट नाझगुलच्या (काळ्या स्वारांतल्या एकाच्या) तोंडासमोर धरतो आणि तरी अंगठीचा मालक सॉरॉनला ती कुठे आहे हे कळत नाही, हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. मित्राला मेसेज करून अर्धी माघार घेतली.

१७ आणि १८ मे

'रिटर्न ऑफ द किंग'. २५० मिनिटं, दोन दिवसांत. शनिवारी वळीव आला आणि मिनास तिरिथ शहराला वेढा पडलेला असताना वीज गेली ती रात्री अकराला आली. पोरीने अंधारात मेणबत्तीशेजारी बसून विचारलं, "जिंकतात ना?" सांगितलं नाही.

लांब आवृत्ती इथे पुन्हा घेतली, कारण दुष्ट जादूगार सारुमानचा मृत्यू फक्त तीत आहे. थिएटरच्या आवृत्तीत तो गायबच होतो, आणि त्याचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर लीला ते लागलं होतं. इथे तो पाहिल्यावर वाटतं की नसता तरी चाललं असतं, पण प्रसंग लीचा आहे.

मिनास तिरिथ हे १/७२ प्रमाणात बांधलेलं मॉडेल आहे. कॅमेरा त्याच्या भिंतींवरून चढतो तेव्हा ते शहर आहे याबद्दल मनात शंकाही येत नाही. भुतांचं हिरवं सैन्य येऊन दोन मिनिटांत लढाई संपवतं, तो भाग तेव्हाही साबणाच्या फेसासारखा वाटला होता, आजही. पुस्तकात ती भुतं या लढाईपर्यंत येतच नाहीत, आधीच मोकळी होतात.

शेवट चार-पाच वेळा होतो यावर तेव्हा थिएटरात लोक हसले होते, मीही. चुळबुळ एकूण १६, बंदरावरच्या निरोपात शून्य.

२४ मे, शनिवार

पाऊस मे मध्येच सुरू झालाय, त्यामुळे दुपारीही अंधार. काळं कापड नेमकं आता अनावश्यक.

'हॅरी पॉटर' पहिला, २००१. चुळबुळ १७. मला धक्का बसला, कारण हिचं हेच पुस्तक दोनदा वाचून झालेलं. वाटलं होतं, खिळून बसेल. पहिला तास बसली. मग काय झालं ते तिनेच सांगितलं: "आता ट्रोल येणार. आता आरसा येणार. आता ड्रॅगनचं अंडं." सिनेमा हजेरीपट वाचत होता आणि ही 'हजर' म्हणत होती. एवढी हजेरी घेऊनही खोडकर भूत पीव्ह्ज गैरहजर, स्नेप सरांचं बाटल्यांचं कोडं गैरहजर, आणि हॅरीचे डोळे निळे. तिन्ही तिने नोंदवले.

मुलींच्या बाथरूममधला ट्रोल आता खेळण्यासारखा दिसतो. खूण नाही. तिथे तिघांची मैत्री होते ना.

२५ मे, रविवार

'अझकाबानचा कैदी', २००४, दिग्दर्शक अल्फान्सो क्वारोन. चुळबुळ ५. हे पुस्तक तिने वाचलेलं नाही.

एकाच शाळेतला सिनेमा वाटत नाही. मुलं घरचे कपडे घालतात, टाय सैल, आवार डोंगरउताराचं. मारकुटं झाड ऋतू बदलला की पानं झाडतं आणि आपल्याला काळ कळतो, कुणी सांगावं लागत नाही. तुरुंगाचे भुताळी पहारेकरी डिमेंटर आधी पाण्याखाली बाहुल्या फिरवून चित्रित करून पाहिले, ते जमलं नाही म्हणून संगणकावर केले, पण ती पाण्यातली संथ चाल राहिली. क्वारोनने तिघा मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनने सोळा पानं लिहिली, हॅरी झालेल्या रॅडक्लिफने एक, रॉन झालेल्या ग्रिंटने दिलाच नाही. तिघंही पात्रात होते.

पण भाचीने संपल्यावर विचारलेला पहिला प्रश्न: "ल्युपिन सरांना नकाशा कसा चालवायचा हे कसं माहीत?" सिनेमात याचं उत्तर नाही. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणाऱ्या त्या जादूच्या नकाशावरची चार टोपणनावं कुणाची, हॅरीचा पॅट्रोनस (मंत्राने उमटणारा रक्षक प्राणी) हरीणच का, हे पुस्तकात आहे आणि सिनेमात दोन वाक्यांत बसलं असतं. इतकं कापणाऱ्या माणसाने नेमकी ती दोन वाक्यं का कापली? रात्री एकपर्यंत तिने पुस्तकातली ती प्रकरणं वाचली. एखाद्या सिनेमाने पुस्तक वाचायला लावलं असं या सुट्टीत पहिल्यांदाच झालं, तेही चुकीमुळे.

पुढच्या आठवड्यात तिच्या हट्टापायी पाचवाही पाहिला. सातांतलं सर्वात जाड पुस्तक आणि १३८ मिनिटांचा सिनेमा. इमेल्डा स्टॉन्टनने केलेली छळवादी शिक्षिका अम्ब्रिज बघून भाचीला तिच्या एका बाई आठवल्या. नाव लिहीत नाही.

३१ मे, शनिवार

'गोल्डन कम्पास', २००७. दृश्यपरिणामांचं ऑस्कर, आणि रास्त. अस्वलांची झुंज कालची वाटते. यात काम केलेल्या ऱ्हिदम अँड ह्यूज या दृश्यपरिणामांच्या कंपनीचा एक स्टुडिओ मुंबईत होता. भाची श्रेयनामावलीत आपली आडनावं शोधत बसली.

चुळबुळ १४, सिनेमा जेमतेम दोन तासांचा. पुस्तकाचा शेवट भयंकर आहे, नायिकेच्या मित्राचा, रॉजरचा, जीव जातो. तो शेवट चित्रित केला होता आणि मग कापून टाकला. सिनेमा फुग्यात बसून "पुढे बघू" म्हणत संपतो, आणि पुढे काही झालंच नाही. अस्वलं टिकली, गोष्ट नाही. माझा वस्तू विरुद्ध संगणक हा सिद्धांत आज वहीतून कायमचा खोडला.

१ जून, रविवार

'हॉबिट' पहिला, २०१२. टोल्किनचं पुस्तक १९३७ चं, तीनेकशे पानांचं, आणि त्याचे तीन सिनेमे मिळून ४७४ मिनिटं. चुळबुळ मोजणं सोडलं, कारण सुरुवातीलाच ती आजीबरोबर भेळ करायला गेली.

सवयीने सेटिंग तपासलं, गुळगुळीतपणा बंदच होता. तरी चित्र काचेसारखं. हा सिनेमा मुळातच सेकंदाला ४८ चित्रांनी घेतला होता, आणि त्या वेगाने दाखवला तेव्हा कित्येकांनी हेच म्हटलं होतं, टीव्ही मालिकेसारखा दिसतो. १ मे रोजी मी जे चुकून केलं, ते इथे पैसे खर्चून केलं होतं. घरी तो २४ नेच दिसतो, पण सेट आणि मेकअप त्या झगमगाटासाठीच केलेले.

भेळ घेऊन आली तेव्हा बिल्बोच्या घरात तेरा ड्वार्फ (बुटके) जेवत होते. म्हणाली, "गॅन्डाल्फ कुणाशी बोलतोय? तो त्यांच्याकडे बघतच नाहीये." गच्चीवर शिकलेली पोरगी. हा सिनेमा थ्रीडी आहे, म्हणजे दोन डोळ्यांनी घेतलेला, आणि दुसरा डोळा उघडला की आई पुन्हा आई होते. जुनी युक्ती इथे चालतच नव्हती. म्हणून गॅन्डाल्फ झालेला इयन मॅकेलन वेगळ्या हिरव्या खोलीत एकटा बसला, समोर ड्वार्फांचे फोटो आणि कानात त्यांचे आवाज. तिथे आपल्याला रडू कोसळलं होतं, हे त्याने स्वतः सांगितलंय. हे तिला सांगितलं तर तिने भेळेची वाटी खाली ठेवली.

दुसरा आणि तिसरा भाग रद्द.

१५ जून, रविवार

भाची गेल्या रविवारी ठाण्याला गेली. हिशेब: कन्व्हर्टर ६५०, पुस्तक २८०, कापड १,१५०, आंबे ९००, आठ सिनेमांचं भाडं ९६०. एकूण ३,९४० रुपये. रीजन, हिरवा रंग, मालिकेसारखा दिसलेला पहिला भाग आणि वीज मिळून साडेसात तास पाण्यात. ब्लू-रे प्लेअर अजून परत करायचाय.

जाताना तिने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिकांनी केलेला अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा', उचलून नेला होता. काल रात्री फोन. शेवट आधी वाचला म्हणे. "मामा, हे हॉबिट परत येतात तर गावाची वाट लागलेली, झाडं तोडलेली, आणि यांनाच लढून गाव सोडवावं लागतं. हे सिनेमात का नाही?" मी म्हटलं, अजिबात नाही असं नाही, पहिल्या भागात एक झलक आहे. गॅलाड्रिएल राणी आरशात दाखवते, हॉबिटांचं शायर जळताना.

"आरसा? मी तेव्हा पाणी प्यायला गेले असेन."

वही काढली. ३ मे, चौथी खूण. आरसा. पाणी.